महानंदाचं क्रीम

आमच्या घरच्या भाकरीला अधूनमधून गुलाबाचा वास यायचा. आदल्या दिवशी अव्वानं त्याच हातांनी क्रीम केलेलं असायचं, आणि दुसऱ्या दिवशी परातीत पीठ मळायला घेतलं की तो वास पिठात उतरायचा. अप्पा पहिला घास घेऊन म्हणायचे, "आज भाकरी कुणाच्या लग्नाला निघाली?" आणि अव्वा म्हणायची, "खायची तर खावा, नाहीतर वास घेऊन उठा." शेंगाची चटणी, तिच्यावर कच्च्या तेलाची धार, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि या सगळ्याच्या खालून हळूच येणारा गुलाब. बाहेरगावचा पाहुणा जेवायला बसला तर घास हातात धरून क्षणभर थांबायचा. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. पुढं पुण्याला वसतिगृहात पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा पोळीत काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं, आणि ते काय हे कळायला बरेच दिवस गेले.

सोलापुरात साखर पेठेत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. अव्वा म्हणजे माझी आई, शांतव्वा. अप्पा चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात होते, त्यामुळं त्यांच्या नखांचा रंग दर आठवड्याला वेगळा असायचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठी महानंदा, माझी अक्का. आम्ही लिंगायत, घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदायची. पुढच्या खोलीत अव्वाचं दुकान होतं: बांगड्या, टिकल्या, रिबिनी, केसांच्या पिना, आणि कोपऱ्यात झाकण लावलेली दोन मोठी भांडी. एकात ठोक बाजारातून आणलेला सुटा स्नो, म्हणजे हलकं बिनतेलाचं क्रीम, दुसऱ्यात तिनं स्वतः केलेलं मेणाचं क्रीम. बाया आपापल्या डब्या घेऊन यायच्या आणि भरून न्यायच्या. शेजारच्या भिंतीपलीकडं यंत्रमाग होते. भिंतीला पाठ टेकली की ती थरथरायची. मागांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आम्हाला इतकी सवय होती की लाइट गेली, माग थांबले, की आपण ओरडतोय हे एकदम ध्यानात यायचं आणि सगळी गल्ली एकाच वेळी गप्प व्हायची.

क्रीम करायचा दिवस सोमवार. सकाळी अव्वा मधमाशीच्या मेणाचे तुकडे आणि तिळाचं तेल पितळी पातेल्यात घालून, ते पातेलं उकळत्या पाण्याच्या परातीत ठेवून वितळवायची. दुसरीकडं गुलाबपाणी कोमट करून त्यात टाकणखार विरघळवायचा. मग तेलामेणात ते पाणी बारीक धारेनं सोडायचं आणि रवीनं घुसळत राहायचं. इथं हात थांबला की संपलं, पाणी वेगळं आणि तेल वेगळं. घुसळायचं काम अक्काचं. तिचा हात एका लयीत चालायचा. पिवळं पातळ तेल डोळ्यांदेखत दुधासारखं पांढरं व्हायचं, मग घट्ट, मग लोण्यासारखं. मी किती वेळा बघितलं असेल, पण तो पांढरा होण्याचा क्षण मला दर वेळी जादूचा वाटायचा. निवायला ठेवून संध्याकाळी अव्वा सिद्धेश्वराला जायची आणि येताना आमच्यासाठी चिरमुरे आणायची.

पण तिची खरी कला क्रीम करण्यात नव्हती. कुणाला कुठलं द्यायचं हे ठरवण्यात होती. बांगड्यांच्या पुडक्यात एक पातळ, जवळजवळ आरपार दिसणारा कागद यायचा. तो ती फेकायची नाही, चौकोनी तुकडे करून ठेवायची. नवीन बाई आली, किंवा जुन्या बाईचा मोसम बदलला, की तो कागद निघायचा. नरसम्मा ही आमची कायमची गिऱ्हाईक. तेलुगू, नवरा मागावर, ही घरी विड्या वळायची, आणि जीभ विडीच्या कात्रीपेक्षा धारदार.

"पावडर लावून आलीस व्हय?" अव्वा तिला विचारायची.

"थोडीच लावली की."

"थोडी असो नाहीतर डबाभर. आत जा, साध्या पाण्यानं तोंड धू, साबण लावू नको, आणि बस तासभर."

"तासभर? मग माझ्या विड्या कोण वळंल, तुझा नवरा?"

"विचारून बघ की. रिकामाच बसलाय."

आतल्या खोलीतून अप्पांचा खोकला ऐकू यायचा. नरसम्मा हसत बसायची, सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगून व्हायच्या, आणि तास झाला की अव्वा तिच्या कपाळावर, नाकावर, हनुवटीवर आणि दोन्ही गालांवर एकेक कागद हळूच दाबायची. मग ते दाराच्या उजेडात धरायची. जिथं तेल असेल तिथं कागद आरपार व्हायचा. नरसम्माच्या कपाळाचा आणि नाकाचा कागद लख्ख, गालांचे कोरडे ठक्क.

"तुला दोन लागणार. कपाळाला आणि नाकाला स्नो, गालाला मेणाचं."

"एका तोंडाला दोन डब्या! लुटायला बसली बाई."

"एकाच डबीच्या पैशात दोन अर्ध्या देते. मग तर झालं?"

सगळीकडं तेल उमटलं तर नुसता स्नो, तोही चिमूटभर. कुठंच नाही उमटलं तर मेणाचं, आणि तेही तोंड ओलसर असतानाच लावायचं, कारण कोरड्यावर लावलं तर आत काहीच कोंडून राहत नाही, असं ती म्हणायची. तेलकट तोंडाच्या पोरी काहीच न लावता दिवसातून पाचपाच वेळा साबणानं घासून यायच्या, त्यांच्यावर ती चिडायची. "धुऊन धुऊन घाबरवलंस त्या कातडीला. आता ती जास्तच तेल सोडणार." पहिल्यांदा क्रीम नेणारीला ती ते कानामागं लावायला सांगायची. दोन दिवसांत खाज आली नाही तरच तोंडाला. आणि एखादीनं विचारलंच, "शांतव्वा, गोरं होईल का यानं?" तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "मऊ होईल. रंग माझ्या हातात नाही. रंग पाहिजे असेल तर दुसरीकडं जा." त्यामुळं काही बाया खरंच दुसरीकडं जायच्या. अव्वाला त्याचं काही नव्हतं.

आज मी सोलापुरातच फार्मसीच्या कॉलेजात शिकवते. त्वचेच्या प्रकारांवर एक तास असतो. फळ्यावर मी कोरडी, तेलकट, मिश्र, संवेदनशील असे रकाने आखते, तेव्हा प्रत्येक रकान्यात मला साखर पेठेतली एकेक बाई बसलेली दिसते.

अक्काची कातडी साखर पेठेतली सगळ्यात कोरडी. थंडी सुरू झाली की तिचे गाल उलायचे, ओठांच्या बाजूनं पांढुरके चट्टे यायचे, हसली की चिरायचं. म्हणून ती हसताना तोंड मिटून हसायची. रंग सावळा, अप्पांच्या वळणाचा. तिच्यासाठी अव्वा वेगळं, जास्त तेलाचं क्रीम करायची आणि त्याची डबी देवळीत ठेवायची. अक्काला बघायला स्थळं यायला लागली ती त्याच सुमारास. पोहे व्हायचे, सुपारी व्हायची, आणि चार दिवसांनी मध्यस्थ यायचा. "मुलगी गुणाची आहे, नाकीडोळी नीटस आहे, पण जरा..." या 'जरा'च्या पुढचं वाक्य कुणीच पुरं करायचं नाही. अक्का उठून आत जायची आणि पातेली घासायला घ्यायची. घासलेलीच परत घासायची.

मला पुण्याला शिकायला जायचं होतं. बारावीला मार्क चांगले पडणार अशी खात्री होती. अप्पांचं म्हणणं एकच, "आधी थोरलीचं होऊ दे. दोन्ही खर्च एकदम झेपायचे नाहीत." म्हणजे अक्काच्या गालांवर माझं पुणं अडकलं होतं. हे मी त्या वेळी कुणाला बोलले नाही, पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

इथपर्यंत लिहायला मला फार दिवस लागले नाहीत. यापुढचं कितीतरी वर्षं मनात लिहून खोडत आले आहे.

नव्या पेठेच्या बाजूला एक नवं पार्लर निघालं होतं. तिथल्या बाईंचं स्वतःचं एक 'स्पेशल' क्रीम होतं आणि त्यानं बायांचे चेहरे पंधरा दिवसांत उजळतात असा बोलबाला झाला होता. अव्वाच्या गिऱ्हाइकांपैकी अर्ध्या तिकडं वळल्या. एकदा मी तिथं बांगड्यांचं पुडकं पोचवायला गेले, मागच्या दारानं. दाराशी कचऱ्याची बादली होती आणि तिच्यात पिळून चपट्या केलेल्या ट्यूबांचा ढीग. सगळ्या एकाच जातीच्या. मी एक उचलून नाव वाचलं. ती नायट्याखाजेची ट्यूब होती. पार्लरचं 'स्पेशल' क्रीम कशानं बनतं ते मला एका क्षणात कळलं आणि कुणालाही न सांगण्याचा निर्णयही त्याच क्षणात झाला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन मी ती मागितली. "कुणाला?" दुकानदारानं विचारलं. "अप्पांना. नायटा झालाय," मी म्हणाले. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला, सोमवारी अव्वा देवळात गेलेली असताना, मी देवळीतल्या अक्काच्या डबीत ती ट्यूब पिळली आणि चमच्याच्या दांड्यानं कालवली. अक्का गड्ड्याच्या जत्रेला मैत्रिणींबरोबर गेली होती. घरात बाजरीची भाकरी आणि भज्जीचा वास होता, पलीकडं माग चालू होते. मला जराही भीती वाटली नाही. उलट आपण काहीतरी शहाणपणाचं करतोय असं वाटत होतं.

दहाबारा दिवसांत अक्काचे चट्टे गेले. गाल भरल्यासारखे दिसायला लागले, रंग उजळला. ती तोंड उघडून हसली त्या दिवशी अप्पांनी जेवता जेवता हात थांबवला. अव्वानं तिला उजेडात नेलं, दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं आणि फिरवून फिरवून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"महानंदा, ह्या घाण्याला तेल कुठलं होतं गं? तो बार्शीवाला देतो ते की दुसरं?"

"मला काय ठाऊक. मी नुसतं घुसळलं."

"मग तुझा हात लागला म्हणायचा."

मी तिथंच उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. पण अव्वाचा चेहरा असा काही झाला होता की तो उतरवायची मला हिंमत झाली नाही, आणि पुणं तर होतंच.

बातमी गल्लीभर झाली. बाया डब्या घेऊन आल्या. "आम्हाला महानंदाचं क्रीम दे." अव्वानं तसंच क्रीम केलं, तेच तेल, तेच मेण, तेच माप. नुसत्या त्यानं काही झालं नसतं आणि तिची फजिती झाली असती. म्हणून पुढच्या सोमवारी मी मोठ्या भांड्यात ट्यूबा पिळल्या. त्याच्या पुढच्याही. शिकवणीच्या पैशातून ट्यूबा आणायच्या, दर वेळी वेगळ्या मेडिकलमधून. बायांचे चेहरे उजळायला लागले. तेलकट तोंडाच्या, कोरड्या तोंडाच्या, सगळ्यांचेच. नरसम्मा आपल्या लेकीला, लक्ष्मीला, घेऊन आली. लक्ष्मी माझ्याच वयाची, तोंडावर मुरुमं. महिन्यात तिची मुरुमं बसली आणि नरसम्मानं अव्वाला घरी केलेला पुलिहोरा आणून दिला, चिंचेचा पिवळा भात. "शांतव्वा, तुझ्या हाताला देव आला बघ." पार्लरकडं गेलेल्या बाया परतल्या. आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं की अव्वानं कागद लावणं सोडून दिलंय. बांगड्यांचे कागद तसेच कोपऱ्यात साचत होते. आता एकच क्रीम सगळ्या तोंडांना चालत होतं, मग तास तास बसवायचं कशाला? ती खुशीत होती. गाणं गुणगुणत डब्या भरायची. अव्वाला इतकं आनंदात मी त्याआधी बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

उन्हाळ्यात अक्काचं नातेपुत्याला जमलं. घरचं बी-बियाणांचं दुकान, मुलगा शांत. बघायला आलेल्या सासूनं अक्काची हनुवटी धरून वर केली आणि म्हणाली, "लई ग्वाड पोरगी हाय." 'जरा' हा शब्द त्या घरातून आलाच नाही. लग्नात हुग्गी केली होती, गव्हाची, गुळातली, वर तुपाची धार. अप्पा पंगतीत वाढताना रडत होते आणि रडतोय हे लपवायला प्रत्येकाला जास्तीच वाढत होते. अक्काच्या सामानात अव्वानं क्रीमच्या डब्या भरून दिल्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला मी पुण्याला गेले. एसटीत बसताना मला आठवण झाली की आता ट्यूबा घालायला कुणी नाही. जाऊ दे, मी स्वतःशी म्हटलं, सगळ्यांचे चेहरे आता चांगले झालेच आहेत. इतकंच मला तेव्हा कळत होतं.

पुढचं मला पत्रातून तुकड्यातुकड्यानं कळलं, आणि बाकीचं दिवाळीच्या सुटीत आल्यावर. ट्यूब बंद झाल्यावर एकेकीचं तोंड पेटलं. लाल, सुजलेलं, पाणी लागलं तरी आग. लक्ष्मीची मुरुमं दुपटीनं आली आणि जबड्याच्या कडेनं लव. अव्वा तिला बघायला म्हणून नरसम्माच्या दारी गेली, हातात ताजी डबी घेऊन. नरसम्मानं ती डबी रस्त्यावर फेकली आणि भर गल्लीत तिला काय काय बोलली ते अप्पांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तुझी अव्वा त्या दिवशी जेवली नाही."

अक्का दिवाळीला आली ती पदरानं तोंड झाकून. घरात आल्यावर तिनं पदर काढला. तिचे गाल भाजल्यासारखे दिसत होते. चुलीपुढं बसवत नव्हतं म्हणून सासूनं टोमणे मारले होते: "रंग चढवून पोरगी गळ्यात मारली आमच्या." नवऱ्यानं तिला अकलूजला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं होतं. मी स्वयंपाकघरातून चिवड्याचं ताट घेऊन मधल्या दारात आले तेव्हा अक्का अव्वासमोर उभी होती.

"डॉक्टर म्हणाले, कुठली तरी ट्यूब बरेच दिवस लावल्याशिवाय तोंड असं होत नाही. मी म्हटलं, मी आईच्या हातच्या क्रीमशिवाय काही लावलेलं नाही. तर म्हणाले, मग आईलाच विचारा." ती थांबली. "अव्वा, काय घातलं होतंस?"

"मेण. तेल. गुलाबपाणी. टाकणखार."

"आणि?"

"आणि काही नाही."

"अव्वा, मी रागावणार नाही. माझं लग्न व्हावं म्हणून घातलं असशील. पण मला खरं सांग. डॉक्टरला सांगायचंय."

अव्वानं गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर घेतलं. रोज पूजेच्या वेळी घ्यायची तसं. "ह्याच्यावर हात ठेवून सांगते. मी काही घातलेलं नाही."

अक्कानं पदर परत तोंडावर ओढला. मग म्हणाली, "मग डॉक्टर खोटं बोलतोय." आणि पिशवी भरायला आत गेली. माझ्या अंगावरून गेली. ताटातला चिवडा सांडला, तो मी खाली बसून गोळा करत राहिले. लक्ष्मीपूजनाला ती थांबली नाही.

मी गप्प बसले. त्याला कारण द्यायला गेले तर पुष्कळ आहेत: फी भरून झाली होती, अक्काचा संसार नवा होता, अप्पांचं हृदय नाजूक होतं. खरं कारण एवढंच की ते दोघींचं भांडण होतं आणि त्यात माझं नाव कुठंच नव्हतं. नाव नसण्यात किती सुख असतं ते त्या दिवशी मला कळलं. पुढं कॉलेजात सरांनी त्या ट्यूबेतल्या औषधाचा, स्टेरॉइडचा, धडा शिकवला. चेहऱ्याला लावलं तर आधी काय होतं, थांबवलं की काय होतं, कातडी कशी पातळ होते. वर्गात सगळ्या पोरी उतरवून घेत होत्या. मी पेन खाली ठेवलं होतं. मला ते पाठ होतं.

अव्वानं क्रीमची भांडी विकून टाकली. दुकान नुसतं बांगड्यांचं उरलं. बांगड्या भरताना ती मनगटाकडंच बघायची, मान वर करून बाईच्या तोंडाकडं बघायची नाही. स्वतःच्या हाताचंच काहीतरी चुकलं असं तिनं धरलं होतं. एकदा मला म्हणाली, "टाकणखार जास्ती पडत असेल का गं? तू शिकलीस, सांग की." मी म्हणाले, "नाही अव्वा, टाकणखारानं असं होत नाही." "मग कशानं होतं?" मी म्हणाले, "बघून सांगते." अजून बघतेच आहे.

अक्काचं तोंड वर्षा-दीड वर्षानं निवळलं. गालांवर बारीक लाल रेषा राहिल्या, त्या अजून आहेत. माहेरी ती सणाला यायची, जेवायची, निघायची. अव्वाच्या शेवटच्या आजारपणात मात्र तीच येऊन राहिली. न्हाऊ घालायचं, पुसायचं, भरवायचं, सगळं तिनं केलं. बोलणं फक्त कामापुरतं. उठ. गिळ. कूस बदल. अव्वा गेली त्याला आता काही वर्षं झाली, अप्पा तिच्याही आधी गेले.

यंदा थंडीच्या तोंडाला अक्काच्या मुलीचा, श्रेयाचा, फोन आला. ती सुटीत नातेपुत्याला होती. "मावशी, ऑनलाइन मॉइश्चरायझर बघतेय. जेल घेऊ की क्रीम? प्रत्येक जण वेगळंच सांगतंय. माझी स्किन ऑइली आहे की कॉम्बिनेशन तेच कळत नाही." मी तिला म्हणाले, साध्या पाण्यानं तोंड धू, तासभर काही लावू नको, मग पातळ टिश्यू लावून उजेडात बघ. कपाळ-नाकापुरतं तेल दिसलं तर तिथं जेल, गालांना क्रीम. आणि कुठलंही घेतलंस तरी आधी दोन दिवस कानामागं. श्रेया म्हणाली, "वॉव, हे कुठं शिकलीस?" मी म्हणाले, "तुझ्या आजीकडं."

फोन स्पीकरवर होता. मागून अक्काचा आवाज आला, "आजीचं नको सांगू तिला. आजीच्या हातचं लावून बघितलंय मी. श्रेया, मावशी सांगेल तेच आण. मावशी शिकलेली आहे."

त्याच रविवारी मी नातेपुत्याची एसटी धरली.

अक्का स्वयंपाकघरात धपाटी थापत होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सांगितलं. पार्लरची बादली, देवळीतली डबी, मोठं भांडं, सगळं. ती थापत राहिली. धपाटं तव्यावर टाकलं, उलटलं, काढलं. मग गॅस बंद केला.

"अव्वानं लिंग हातात घेतलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"दारात."

"दारात," ती म्हणाली. ओल्या फडक्यानं हात पुसले, एकेक बोट. "शेवटी शेवटी ती माझा हात सोडायची नाही. नुसती बघत राहायची माझ्याकडं. मला वाटायचं, आता कबूल करणार. आज करणार. मी वाट बघायची, सुवे. आणि ती वाट बघत होती की मी कधी म्हणते, अव्वा, तू खरं बोलत होतीस."

मी "अक्का" म्हणाले. तिनं हात वर करून थांबवलं.

"माझ्यापाशी रडू नको. मला नवरा चांगला मिळाला, तोंड बरं झालं. माझं जे गेलं ते तू आणून देणार नाहीस. पण त्या गल्लीत अजून म्हणतात, शांतव्वानं पोरीबाळींची तोंडं जाळली. सोलापुरात राहतेस ना तू? तिथं जा. नरसम्मा जिवंत आहे."

तिनं मला जेवायला वाढलं नाही. स्टँडपर्यंत सोडायला आली, बस सुटेपर्यंत उभी राहिली, पण वर बघितलं नाही.

दोन दिवसांनी मी नरसम्माच्या गल्लीत गेले. माग आता थोडेच उरलेत, तरी एखाद्या घरातून आवाज येतो. नरसम्मा उंबऱ्यात बसली होती, फार म्हातारी, पण कात्री हातात. "कोण? शांतव्वाची धाकटी? बस की. चहा घेशील?" मी म्हणाले, आधी ऐका. आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. तिची कात्री कधी थांबली ते मला कळलं नाही.

"मी थुंकले होते तिच्या तोंडावर," ती म्हणाली. "तुला अप्पानं सांगितलं नसंल. हितंच. ह्याच जागेवर. सगळी गल्ली बघत होती."

मी मान खाली घातली.

"वर बघ. मला एकटीला सांगून जायला आलीस व्हय? ते एकटीत झालं नव्हतं." तिनं आत हाक मारली, "लक्ष्मीऽ! इकडं ये. आणि शेजारच्या बायांना बोलाव. त्या यशोदेला पण, ती लई बोलली होती." लक्ष्मी बाहेर आली, माझ्याच वयाची, केस पिकलेले. तिनं मला ओळखलं नाही. एकेक करून बाया आल्या, कुणी पायरीवर बसली, कुणी भिंतीला टेकून उभी राहिली, एकीच्या कडेवर नातू होता. कुणीतरी पलीकडच्या घरात जाऊन माग बंद करायला लावला.

"हं," नरसम्मा म्हणाली. "आता पहिल्यापासून. मोठ्यानं."

मी उठून उभी राहिले.

"मी सुवर्णा," मी म्हणाले. "शांतव्वाच्या क्रीममध्ये तिनं काही घातलं नव्हतं. ते मी घातलं."